पेठ नाक्यावरचं टायरचं दुकान: वेळ लागतो, पैसे थोडे जास्त, तरी आमच्या गाड्या इथेच थांबतात

पुणे-बंगळूर हायवेवर कोल्हापूरकडून येताना पेठ नाका ओलांडला की डाव्या हाताला, सर्व्हिस रोडवर पत्र्याचं एक दुकान लागतं. बोर्डावर फक्त ‘हवा, पंक्चर, ट्रक टायर फिटिंग’ एवढंच लिहिलंय. मालकांना सगळे काका म्हणतात. या पट्ट्यात टायरचं काही काम निघालं की आमच्या गाड्या इथेच थांबतात, आणि तुमच्याही थांबाव्यात म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. आधीच सांगून ठेवते, इथे वेळ लागतो. घाईतला ड्रायव्हर पहिल्यांदा आला की वैतागतो. काका त्याच्यासाठी चहा सांगतात आणि काम आपल्या गतीनेच करतात.

आमचा सांगलीत ट्रान्सपोर्टचा घरचा धंदा आहे. हळद आणि बेदाणा वाशीला, शिरोली एमआयडीसीतलं कास्टिंग चाकणला, येताना मिळेल तो माल. गाड्या आमचे मिस्टर आणि दीर बघतात. डिझेल, विमा, पासिंग आणि टायर यांचा हिशोब माझ्याकडे. कुठलं टायर कुठल्या जागेवर बसवलं, किती किलोमीटर चाललं, कुठे पंक्चर निघालं, सगळं वहीत असतं. ती वही वाचत गेलं की पंक्चरची दुकानं आपोआप ओळखू येतात. एखाद्या दुकानातून आलेलं टायर महिन्याभरात परत खाली बसतं. दुसरीकडून आलेल्या ट्यूबला घडी पडून तिथेच चीर गेलेली असते. काकांकडचं पंक्चर नीट निघतं, त्याबद्दल वेगळं काही सांगायला नको. मी दुकान पारखते ते हवा भरताना तिथला पोरगा कुठे उभा राहतो त्यावरून.

कारण ट्रकच्या टायरमधली हवा हे प्रकरण लोकांना वाटतं तेवढं साधं नाही. मोटारसायकलला तीसेक पौंड हवा लागते. आमच्या दहा-वीसच्या, म्हणजे दहा इंच रुंद आणि वीस इंची रिमच्या रेडियलला (स्टीलच्या तारांच्या टायरला) ११० ते १२० पौंड. शंभर पौंड हवा म्हणजे दर चौरस इंचाला शंभर पौंड जोर, आपल्या हिशोबात दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो. २० इंच व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस इंच होतं. तेवढ्या जागेवर १०० पौंडांचा दाब पडला की जोर ३१,४०० पौंडांचा, म्हणजे १४ टनांच्या वर. दहा चाकी गाडीचं भरल्या मालासह पासिंग २८.५ टनांचं. त्याच्या निम्मा जोर एका चाकाच्या तोंडाशी दबा धरून बसलेला असतो, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर एक पोरगा नळी धरून वाकलेला असतो.

त्यात ट्यूबच्या टायरचं रिम अखंड नसतं. टायर चढवता यावं म्हणून एका बाजूची कड सुटी असते. ती साईड रिंग, आणि तिला जागेवर धरून ठेवणारी लॉक रिंग. एवढा सगळा जोर शेवटी त्या लॉक रिंगवर आणि तिच्या खाचेवर येतो. खाचेत गंज साचलेला असला, रिंग वाकलेली असली किंवा दुसऱ्याच रिमची रिंग ठोकून बसवलेली असली तर ती भरताना बसल्यासारखी दिसते आणि साठ-सत्तर पौंडांना सुटते. सुटली की माणसाला हलायलासुद्धा वेळ मिळत नाही. मागे आमच्याच गाडीचं टायर एका दुकानात उघड्यावर, जमिनीवर आडवं टाकून भरत होते. रिंग उडाली ती छपराचा पत्रा फाडून गेली. हवा भरणारा मुलगा गेजकडे, म्हणजे हवा मोजायच्या काट्याकडे बघायला बाजूला झुकला होता म्हणून जीव वाचला, पण हात मनगटातून मोडला. विशीचासुद्धा नसेल. त्या दुकानात दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा त्याच जागी, तसाच टायरवर पाय ठेवून हवा भरत होता, असं आमच्या ड्रायव्हरने सांगितलं. तेव्हापासून मी ड्रायव्हरांना बजावून ठेवलंय: पिंजरा, म्हणजे टायर आत ठेवून हवा भरायची लोखंडी चौकट, नसलेल्या दुकानात खोललेलं टायर भरून घ्यायचं नाही. स्टेपनी लावा आणि पुढे या.

काकांकडे पिंजरा आहे. दोन इंची जाड पाइपाच्या कमानी वेल्डिंग करून केलेला, वर-खाली आडव्या पट्ट्या, टायर उभं आत ढकलायचं. वेल्डिंगच्या जोडांवर पिवळा रंग दिलाय. जोडाला चीर पडली तर रंग आधी तडकतो आणि लगेच दिसतं, असं काका म्हणाले. पिंजरा जमिनीला बोल्टने आवळलेला नाही आणि भिंतीला टेकवलेलाही नाही. चारी बाजूंनी मोकळा आहे. मला आधी वाटलं राहून गेलं असेल. काकांनी समजावलं, “टायर फुटलंच तर हवेचा दणका कुठंतरी जाणार की न्हाई? भितीला टेकवला तर भीत घेऊन येतंय. मोकळा ठेवला तर दणका पसरतोय.” पिंजऱ्याला टेकून कुणी उभं राहिलं की काका ओरडतात, मग तो गाडीमालक का असेना.

नळीच्या टोकाला चिमट्याचं नोझल आहे. वॉल्वला अडकवलं की आपोआप धरून राहतं, हाताने दाबून धरावं लागत नाही. तिथून नळी लांब, पंधरा फूट तरी असेल, आणि गेज आणि हवेचा खटका नळीच्या या टोकाला, खांबाला लावलेला. पोरगा टायरला नोझल अडकवतो, चालत खांबापाशी येतो आणि खटका दाबतो. खटका सोडला की हवा बंद. टायरच्या तोंडासमोर कुणीच नसतं. खांबसुद्धा टायरच्या बटणांच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या बाजूला आहे, म्हणजे रिंग उडाली किंवा साईडवॉल (टायरची बाजूची भिंत) फाटली तर ती ज्या दिशेला जाईल ती दिशा रिकामी राहते. फरशीवर लाल रंगाने पट्टा मारलाय. हवा चालू असताना पट्ट्याच्या आत कुणी यायचं नाही. क्लीनर पोरांना मोबाईलवर बोलत बोलत तिथे घुसायची सवय असते, त्यांना दोनदा तरी हटकावं लागतं.

हे सगळं काकांनी शोधून काढलेलं नाही, ते स्वतःच सांगतात. अमेरिकेत तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने १९८० सालीच सुट्या रिंगांच्या रिमसाठी नियम केला: पिंजरा किंवा तसलंच अडकवून ठेवणारं साधन, चिमट्याचं नोझल, मध्ये गेज आणि व्हॉल्व असलेली लांब नळी, आणि माणूस उडणाऱ्या भागांच्या वाटेबाहेर. १९८४ मध्ये अखंड रिमची चाकंही त्यात आली. एका टायर कंपनीच्या प्रशिक्षणात काकांना हे दाखवलं होतं आणि त्यांनी गावातल्या फॅब्रिकेटरकडून पिंजरा करून घेतला. आपल्याकडे हायवेवर अशी कितीतरी दुकानं आहेत जिथे कॉम्प्रेसर नवाकोरा असतो, बोर्डावर दिवे असतात आणि पिंजऱ्यावर पैसे घालायची वेळ आली की हात आखडतो.

आता काम कसं करतात ते सांगते, कारण वेळ कुठे जातो ते कळलं की ड्रायव्हरची चिडचिड कमी होईल.

गाडी लागली की आधी सगळ्या टायरची हवा मोजतात, ज्याचं काम आहे तेवढ्याचीच नाही. मागच्या जोडीत आतलं टायर बसलेलं असेल तर बाहेरून दिसत नाही. बाहेरचं टायर दोघांचा भार एकटं ओढत असतं आणि गाडी चालत राहते. आपले ड्रायव्हर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरून ठरवतात. पूर्ण बसलेलं टायर त्यात कळतं, पण ११० चं ८० झालेलं टायर आणि भरलेलं टायर यांचा आवाज भल्याभल्यांना ओळखता येत नाही. गेज लावल्याशिवाय इलाज नाही. आतल्या टायरचा वॉल्व हाताला लागत नाही म्हणून कंटाळा करतात. काका एक्स्टेंशन लावून देतात. वॉल्वची टोपी गेलेली असेल तर नवी बसवतात आणि तिचे पैसे घेत नाहीत. टोपी नसली की धूळ पिनेत जाते आणि तिथूनच हवा गळत राहते. माझ्या वहीतल्या ‘पंक्चर सापडलं नाही’ अशा नोंदी टोप्या लागल्यापासून बऱ्याच कमी झाल्या.

हवा थोडीच कमी असेल तर गाडीवरच, चिमटा लावून, लांब उभं राहून भरतात. पण ८० टक्क्यांच्या खाली गेलेली असेल, म्हणजे ११० च्या टायरला ८८ च्या आत, आणि गाडी तशीच चालवून आणलेली असेल, तर काका नुसती हवा मारून देत नाहीत. टायर खोलून आतून बघायचं म्हणतात. ड्रायव्हर लोकांची सगळ्यात जास्त वादावादी होते ती इथेच. “नुसती हवा मारा की, पुढं बघतो” असं म्हणणारा दिवसातून एक तरी येतोच. कमी हवेवर चाललेल्या रेडियलची साईडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि तिच्यातल्या स्टीलच्या तारा थकत जातात. बाहेरून रबर ठीक दिसतं. हवा भरायला लागलं की एक तार तुटते, तिचा भार शेजारच्या तारेवर जातो, ती तुटते, आणि चेन उघडावी तशी साईडवॉल फुटभर, दोन फूट उघडते. अखंड रिमवर, रिंग नसतानाही, माणसं यातच जातात.

चाक उतरवायच्या आधी वॉल्वची पिन काढून पूर्ण हवा सोडतात. जोडचाक असेल तर दोन्ही टायरची. मग नट सैल करतात. पिन काढल्यावर वॉल्वच्या भोकात तार घालून बघतात, कारण कधी बर्फ जमतं, कधी घाण अडकते आणि हवा संपली असं वाटतं पण संपलेली नसते. हे एवढं एक पाऊल मी दुसऱ्या फार कमी ठिकाणी पाहिलंय. बहुतेकजण नट सैल करूनच सुरुवात करतात. रिमला आधीच चीर असेल तर नट हेच तिला धरून ठेवणारं शेवटचं काही असतं.

खोलल्यावर रिंगा आणि खाच तारेच्या ब्रशने घासतात, पुसतात, उजेडात फिरवून बघतात. गंजाचा थर खाचेत राहिला तर रिंग पूर्ण बसत नाही. वाकलेली, चीर गेलेली रिंग बाजूला टाकतात, आणि टाकताना हातोड्याने मोडून टाकतात, म्हणजे भंगारातून उचलून कुणी परत वापरू नये. ‘दुसऱ्या गाडीची आहे, बसते बघा’ असं म्हणून दिलेली रिंग घेत नाहीत. रिमवरचा आकडा आणि रिंगवरचा आकडा जुळला तरच.

ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिम यांच्यामधला रबरी पट्टा) आत घातल्यावर थोडी हवा देतात, ट्यूबला आकार येण्यापुरती. मग सोडतात. मग परत भरतात. हवा फुकट घालवतायत असं वाटतं, पण याने ट्यूबच्या घड्या मोडतात आणि फ्लॅप जागेवर बसतो. मी वर म्हटलं ना, घडीवर चीर गेलेली ट्यूब, ती या एका गोष्टीने वाचते. त्यानंतर टायर पिंजऱ्यात जातं. वीस पौंडांना काका थांबवतात. लांबूनच बघतात, रिंग सगळीकडे सारखी बसलीय का. कुठे फट दिसली तर सगळी हवा सोडायची, टायर बाहेर काढायचं, परत पहिल्यापासून. हवा असताना रिंगेवर हातोडा मारायचा नाही, ही या दुकानातली सगळ्यात कडक शिस्त. इतर ठिकाणी तो ठण-ठण आवाज म्हणजे काम चाललंय असं समजतात. मला तो आवाज ऐकवत नाही.

वीस पौंडांना बघून झालं की पुढे भरतात आणि कान देऊन ऐकतात. साईडवॉलमधून तडतड असा बारीक आवाज आला किंवा कुठे फुगवटा दिसला तर खटका सोडतात आणि हवा बाहेर. कुणी जवळ जाऊन हात लावून बघत नाही.

आमच्या एका टायरच्या बाबतीत जे झालं ते सांगते. कोल्हापूरहून कास्टिंग भरून निघालेली गाडी, मागच्या जोडीतलं आतलं टायर कुठेतरी बसलं, आणि ड्रायव्हरला वास आल्यावर कळलं. गाडी काकांकडे लावली. थोड्या वेळाने त्याचा फोन, “वहिनी, काका टायर भरंनात. पंक्चर तर एवढंसं हाय.” मी त्या दिवशी इस्लामपूरलाच होते, म्हणून जाऊन आले. टायर खोलून बाजूला ठेवलं होतं. काकांनी आत बॅटरी मारून दाखवली. आतल्या तळाला काळी भुकटी साचली होती, मिसरीसारखी बारीक. ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून रबराचीच झालेली. साईडवॉलच्या आतल्या बाजूला बोटभर रुंदीचा पट्टा सुरकुतलेला, निळसर झाक आलेला. काकांनी माझा अंगठा तिथे ठेवून दाबायला लावला. दोन्ही बाजूंना टायर कडक लागत होतं आणि मध्ये एका ठिकाणी मऊ, आत तार नसल्यासारखं. बाहेरून त्याच जागी बघितलं तर कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. बटणं निम्म्याहून जास्त शिल्लक.

“ताई, टायर तुमचं हाय, घेऊन जावा. पण माझ्या हवेनं भरणार न्हाई,” काका म्हणाले. आणि मग जोडीतलं बाहेरचं टायरही खोलून बघू म्हणाले, कारण त्याने एवढा वेळ दुप्पट भार ओढला होता. ते ठीक निघालं. खराब टायरचे पैसे गेले, त्याचं वाईट वाटलंच. निम्मं आयुष्य बाकी होतं त्याचं. पण ज्या दुकानदाराला पंक्चरचे पैसे घेऊन मोकळं होता आलं असतं, तो दीड तास घालवून ‘मी हे काम करणार नाही’ म्हणतो, त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते. ते टायर आम्ही साईडवॉल कापून भंगारात दिलं.

कॉम्प्रेसरबद्दल थोडं. दोन सिलिंडरचा, पट्ट्यावर चालणारा, मागच्या शेडमध्ये, पट्ट्यावर जाळी. टाकीचा दाब टायरला लागतो त्याहून बराच जास्त ठेवावा लागतो, नाहीतर १२० पर्यंत हवा चढतच नाही. म्हणूनच चिमटा अडकवून चहाला निघून गेलेल्या पोराच्या हातून टायर फुटतं. टाकी थांबत नाही, भरत राहते. इथे नळीच्या आधी दाब ठरवून देणारा रेग्युलेटर आहे आणि खटका धरून उभं राहावंच लागतं. टाकीचा सेफ्टी व्हॉल्व काका अधूनमधून कडी ओढून बघतात, जाम झालाय का ते. संध्याकाळी टाकीखालचा नळ उघडून पाणी सोडतात. पावसाळ्यात एवढं पाणी निघतं की बघणाऱ्याला खरं वाटत नाही. ते पाणी सोडलं नाही तर हवेबरोबर टायरमध्ये जातं आणि रिम आतून गंजतं, शिवाय टाकीचा तळ गंजतो तो वेगळाच. या हवेने अंगावरची धूळ उडवायची नाही, एकमेकांवर मस्करीत नळी धरायची नाही, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. ही हवा कानाचा पडदा फाडते आणि पोटात गेली तर आतडं फाटतं.

उन्हाळ्यात गाडी तापून आली की काका हवा सोडू देत नाहीत. चालून आलेल्या टायरची हवा वाढलेली दिसणारच, ती सोडली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतं. मोजायची तर सकाळी निघताना, थंड टायरला. नायट्रोजनचं विचाराल तर इथे नाही. काकांचं म्हणणं, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. त्याचा खरा फायदा कोरडेपणाचा, आणि हवेतलं पाणी तर काका टाकीतून रोज काढतातच. मला पटतं. नायट्रोजन भरला म्हणून ११० पौंडांचा जोर काही कमी होत नाही.

साडेबावीसच्या ट्यूबलेस टायरचंही काम होतं. टायर रिमवर बसेना झालं की काही दुकानांत आत पेट्रोल शिंपडून काडी लावतात आणि लोक त्याचे व्हिडिओ काढतात. काकांकडे छोटी टाकी आहे, तिच्यातून एकदम हवेचा झोत मारून टायर बसवतात. रिमला चीर गेलीय, टायर न काढता वेल्डिंग मारून द्या, असं कुणी म्हणालं तर सरळ हात जोडतात. तापलेल्या रिममुळे आतलं रबर तापून वायू सोडतं आणि तो पेटला की टायर फुटतं, हवा काढलेली असली तरी. चीर गेलेलं रिम तर टायर काढूनही वेल्डिंग करायचं नसतं.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. ट्रेलर घेऊन येणार असाल तर जागा अपुरी आहे. वळवायला त्रास होतो आणि मागचा भाग सर्व्हिस रोडवर राहतो. दुपारी ड्रायव्हरला बसायला सावली म्हणजे एक बाकडं आणि पत्र्याची झळ. बायकांसाठी सोय अजिबात नाही, नाक्यावरच्या हॉटेलात जावं लागतं. पिंजरा एकच असल्यामुळे दोन गाड्या आधी असतील तर तास-दीड तास धरून चाला. पंक्चरला इतरांपेक्षा पन्नास-शंभर रुपये जास्त पडतात आणि काका घासाघीस करू देत नाहीत. गेज एकदा मला चार पौंड कमी दाखवतंय असं वाटलं. सांगितल्यावर त्यांनी आतून दुसरं, कमी वापरातलं गेज आणून दोन्ही माझ्यासमोर लावली, पहिलं बदललं. तरी त्यांनी ते स्वतःहून तपासत राहावं असं मला वाटतं. आणि पोरांच्या डोळ्यांना चष्मे दिलेत ते बहुतेकवेळा कपाळावर असतात. रिंग घासताना गंज डोळ्यांत जातो, तेव्हा तरी ते खाली आलेच पाहिजेत. हे मी काकांना तोंडावर सांगितलंय.

रात्री दहानंतर दुकान बंद असतं आणि अमावास्येला अर्धा दिवस. ऑनलाइन पैसे चालतात, पावती मागितली तर टायरच्या नंबरासह लिहून देतात, मालकाला हिशोबाला बरं पडतं. ड्रायव्हरला पाठवत असाल तर त्याला आधीच फोनवर सांगून ठेवा की काका टायर खोला म्हणाले तर खोलू दे, आणि पैशाचं मी बघते. आमच्याकडे एवढं सांगितल्यापासून वाद मिटले.